कादंबरीत घटना भरपूर आहेत, माणूसच दिसत नाही. काय करू?

पांदण | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे एका खेड्यात राहतो. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. तीन वर्षांपासून कादंबरी लिहितोय. वहीची २१२ पानं झाली आणि आता अडलोय.

कादंबरी एका घराची आहे. २०१७ च्या मृगापासून पुढच्या पाडव्यापर्यंत. पेरणी उलटते, दुबार पेरणी होते. बैलाला पान लागतं, म्हणजे साप चावतो. सालदाराला फवारणीत विषबाधा होते. बोंडअळी येते. मुलीचं जमलेलं मोडतं. शेवटी बाप दवाखान्यात. यातलं काहीही मनानं रचलेलं नाही, सगळं आजूबाजूला पाहिलेलं आहे.

मामेबहिणीला वह्या वाचायला दिल्या. ती मनापासून वाचते आणि तोंडावर बोलते. म्हणाली, "दादा, सारं काही झालं, पण तुया बाप कसा आहे हे काई समजलं नाही. त्याले काढून शेजारचा माणूस बसवला तरी कादंबरी तशीच चालते."

ते इतकं खरं होतं की मी दोन महिने वही उघडली नाही. मग दुसऱ्या टोकाला गेलो. बापाचं बालपण, त्याचं आजोबाशी नातं, त्याला पोहायची भीती का, पंगतीत तो शेवटी का बसतो, असं सगळं साठ पानं लिहिलं. मित्रानं विसाव्या पानावर वही परत दिली. "माणूस समजला गड्या, पण काई होऊनच नाही रायलं."

आधी कथानक पक्कं करायचं आणि मग माणसं त्यात बसवायची, की उलट? ज्यांनी मोठं काही लिहून पूर्ण केलंय त्यांनी कसं केलं ते सांगा.

---

खारपाण | रविवार, रात्री ११:१५

पांदणभाऊ, तुमच्या मामेबहिणीला माझा नमस्कार सांगा. असा वाचक मिळणं भाग्याचं आहे.

मी दर्यापूर भागातला. मराठी शिकवत होतो, आता निवृत्त. वर्गात हा वाद दरवर्षी निघायचा. अ‍ॅरिस्टॉटलनं कथानकाला पहिला मान दिला आणि स्वभावचित्रणाला दुसरा, हे मुलं पाठ करून लिहायची. पण तो शोकनाट्याबद्दल बोलत होता, दोन-तीन तासांत संपणाऱ्या खेळाबद्दल. कादंबरी वाचक महिनाभर उशाशी ठेवतो. तिथं मानाचा क्रम तसाच्या तसा लावता येत नाही.

मला जास्त उपयोगी पडला तो इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर. १९२७ साली त्यानं कादंबरीवर व्याख्यानं दिली, त्यात गोष्ट आणि कथानक यांतला फरक सांगितला आहे. एकामागून एक काय घडलं ती गोष्ट, आणि कशामुळं घडलं हे जोडलं की कथानक. मी वर्गात ते आपल्याकडचं करून सांगायचो. पाऊस आला नाही, मग त्यानं बैल विकला, ही गोष्ट. पाऊस आला नाही म्हणून पैशाची नड पडली, आणि त्यानं बैल विकला, कारण बायकोची पोत त्यानं आधी एकदा गहाण टाकली होती आणि दुसऱ्यांदा मागायला तोंड राहिलं नव्हतं. आता बघा, बैल विकण्याची घटना तीच आहे, पण माणूस तिच्या आत शिरला. त्यासाठी त्याचं बालपण लिहावं लागलं नाही.

उद्धव शेळक्यांची 'धग' ही कादंबरी १९६० ची. ती वाचून पन्नास वर्षं झालेल्या माणसाला विचारा. प्रसंगांचा क्रम त्याला सांगता येणार नाही, पण त्यातली कौतिक कशी होती ते तो डोळे भरून सांगेल.

---

वडसेकर | सोमवार, सकाळी ७:३०

गुरुजींचा मान राखून थोडं वेगळं बोलतो.

मी गडचिरोली जिल्ह्यातला, देसाईगंज-वडसा. झाडीपट्टीच्या नाटकांसाठी लिहितो. आमचा हंगाम दिवाळीनंतर, मंडईपासून, म्हणजे गावच्या जत्रेपासून. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं. लोक धान कापून दमलेले असतात, अंगावर घोंगडी-शाल घेऊन थंडीत बसतात. त्या माणसाला रात्रभर जागं ठेवायचं म्हणजे काहीतरी घडावंच लागतं. "माझ्या मनात वादळ आहे" असं पात्र पाच मिनिटं बोललं की मागच्या रांगा चहाच्या टपरीकडं निघतात. मंचावरून ते स्पष्ट दिसतं.

म्हणून सांगतो, घटनेला कमी लेखू नका. तुमचा मित्र विसाव्या पानावर थांबला हे जास्त गंभीर आहे. मामेबहिणीनं नाराज होऊन का होईना, २१२ पानं शेवटपर्यंत वाचली.

---

कवठीचाफा | सोमवार, सकाळी १०:०५

वाचतेय. माझं गाडं याच चिखलात रुतलंय, धागा चालू ठेवा.

---

तिफन | सोमवार, दुपारी २:४०

मी लेखक नाही. चांदूर रेल्वेकडे कृषी सेवा केंद्रात कामाला आहे, अकरा वर्षं झाली. वाचायची आवड आहे म्हणून लिहितोय.

दुबार पेरणीच्या वर्षी काउंटरवर जे दिसतं ते सांगतो. पाऊस सगळ्यांच्याच शेतात सारखा उघडीप देतो, नुकसान सगळ्यांचंच सारखं. पण दुसऱ्यांदा बियाणं घ्यायला येतात तेव्हा एकही माणूस दुसऱ्यासारखा नसतो. एक जण येऊन गुपचूप तीच बॅग मागतो आणि नजर वर करत नाही. एक जण पहिलं बियाणंच खोटं होतं म्हणून भांडतो, कारण घाईत, पावसाआधीच धूळपेरणी त्यानंच केलेली असते आणि घरी तोच बोलला होता की पाणी येतेच. एक बाई स्वतः येते, नवरा बाहेर गाडीवर बसून राहतो. एक म्हातारा येतो, वही काढा म्हणतो, मागची उधारी किती ते आधी विचारतो आणि मगच बॅगेचं नाव घेतो. भाऊ, तुमच्या कादंबरीतला बाप यातला कोणता? तुम्ही लिहिलंय "दुबार पेरणी होते". ती करायला बियाणं कुणी आणलं, पैसे कुठून आले, कुणाला न सांगता आले?

आणखी एक. गुलाबी बोंडअळीची खोड अशी आहे की ती आत शिरली की छिद्र बुजतं. बोंड वरून हिरवंगार, टवटवीत. फुलं कळीसारखी मिटलेली, म्हणजे डोमकळ्या दिसल्या तरच शंका येते, नाहीतर बोंड फोडल्याशिवाय कळत नाही. म्हणजे काही आठवडे असे असतात की एका माणसाला कळलेलं असतं आणि घरातल्या बाकीच्यांना शेत भरलेलं दिसत असतं. तो ते किती दिवस लपवतो?

---

पांदण | सोमवार, रात्री ९:२०

तिफनभाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला. माझ्या वहीत बाप बोंड फोडतो आणि त्याच ओळीत सगळ्यांना ओरडून सांगतो. दुसरं काही करता आलं असतं हे मला सुचलंच नव्हतं.

पण एक मनातलं बोलतो. घटना जास्त झाल्या असं सगळे सुचवताहेत. २०१७ साली खरंच तसं झालं. आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, आणि त्याच हंगामात बोंडअळीनं कापूस खाल्ला. मी त्यातलं एक गाळलं तर खोटं बोलल्यासारखं होईल. ज्या सालदारावर लिहिलंय तो माझ्या ओळखीच्या घरातला होता.

---

खारपाण | सोमवार, रात्री १०:४५

तुमची तळमळ कळते, आणि तो प्रसंग गाळू नका असंच मी म्हणेन. पण घडलं होतं म्हणून वाचक मान्य करेल, हा भरवसा धरू नका. बातमीला खरेपणा पुरतो. कादंबरीत चौथं संकट आलं की वाचकाला संकट दिसत नाही, संकट आणणारा लेखक दिसतो.

विषबाधेचा प्रसंग घ्या. फवारणीला त्या दिवशी त्याला कुणी पाठवलं? दुपारच्या उन्हात, वारा असताना, कपाशी डोक्याएवढी वाढलेली असताना? बापानं पाठवलं असेल आणि त्यानं "आज नको मालक" म्हटलं असेल, तर ती घटना बापाच्या गळ्यात पडते. पुढची शंभर पानं तो त्या एका वाक्याचं काय करतो हीच कादंबरी होईल. मग बैलाला पान लागायची गरज उरते का ते तुम्हीच ठरवा.

---

जागल्या | मंगळवार, पहाटे ४:१०

आत्ता जागलीला मचाणावर आहे, तुरीत रानडुकरं येताहेत, म्हणून या वेळेला लिहितोय.

माझी एक कादंबरी पूर्ण झाली आहे, छापलेली नाही. मी एकच पद्धत वापरली. प्रत्येक प्रकरण वाचून स्वतःला विचारायचं, इथं या माणसाला दुसरं काय करता आलं असतं? उत्तर मिळालं तर प्रकरण ठेवायचं. दुसरं काहीच करणं शक्य नव्हतं, आभाळ कोसळलं आणि तो खाली होता, एवढंच असेल तर ते दोन ओळींत सांगून पुढं जायचं. गारपीट दोन ओळींत होते. गारपिटीनंतर पंचनाम्याला आलेल्या माणसाला चहा द्यायचा की नाही, यावर घरात झालेलं भांडण सात पानं खातं, आणि ती सात पानं लोक वाचतात.

हा प्रश्न लावला की कथानक आणि माणूस असे दोन ढीग करायची गरजच मला पडली नाही.

---

शेवंता | मंगळवार, दुपारी ३:२५

मी आर्वीकडची, वर्धा जिल्हा. घरी शिवणकाम करते. लिहिते ते कुणाला दाखवलेलं नाही. तरी इथं एक घरचीच गोष्ट सांगते, कारण वडसेकरभाऊंचं म्हणणं मनात अडकलंय की काहीतरी घडावं लागतं. आमच्या घरी सहा महिने काहीही घडलं नाही, आणि माणसं मला तेव्हाच कळली.

२०२२ चा हंगाम. त्याच्या आदल्या वर्षी मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दिवाळीतच आठ हजारानं कापूस विकला होता, आणि संक्रांतीच्या सुमारास भाव दहा हजारांवर गेला. शेजारच्यानं ठेवला होता, त्याला तो भाव मिळाला. मामाजी वर्षभर त्याच्या दारावरून गेले नाहीत, पलीकडच्या गल्लीनं वळसा घालून जायचे. हे आम्हाला कुणालाच तेव्हा लक्षात आलं नाही.

तर २०२२ ला सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा झाली, वेचणी झाली, अठ्ठावीस क्विंटल कापूस समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत भरला. खेडा खरेदीवाला दिवाळीत साडेआठच्या आसपास मागत होता. मामाजी म्हणाले, "नाही. दहा होते, मग पाहू." त्यावर चर्चा नाही.

खोली गेली. आम्ही सगळे माजघरात आणि ओसरीत झोपू लागलो. माघापासून अंगाला खाज सुटायला लागली. जावेच्या लहान लेकराच्या मानेवर पुरळ उठलं. हे रोज मोबाइलवर भाव पाहायचे आणि मोबाइल पालथा ठेवायचे. बापाला तोंडानं कधी म्हणाले नाहीत की इका. सासूबाई बोलल्या नाहीत, पण त्यांनी आपली बाज उचलून गोठ्यात नेली आणि तिथंच झोपू लागल्या. त्यांच्यासाठी ते भांडणच होतं. जाऊ माहेरी गेली ती लेकराच्या पुरळाचं निमित्त करून. आणि मी? मी शिवणाच्या पैशांतून किराणा भरत होते आणि मला त्याचा आतून आनंद होत होता, की आता या घराला माझी गरज आहे. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मामाजी रोज सकाळी खोलीचं दार उघडून मूठभर कापूस हातात घ्यायचे, दाबायचे, ठेवायचे. भाव खाली येत होता, कापूस वाळून वजनही घटत होतं. मे महिन्यात बियाण्याला पैसे लागले तेव्हा सात हजाराच्या जवळपास विकला. गाडी भरायला आली त्या दिवशी मामाजी काट्यावर गेले नाहीत. हनुमानाच्या पारावर बसून राहिले.

खोली रिकामी झाली तशी तिथं आवाज घुमायला लागला. सहा महिन्यांत विसरलो होतो आम्ही, की त्या खोलीत आवाज घुमतो.

पांदणभाऊ, यात कुणी मेलं नाही, लग्न मोडलं नाही. पण कुणी या घरातला माणूस बदलून शेजारचा बसवला, तर ही गोष्ट घडणारच नाही. शेजाऱ्यानं दिवाळीतच विकला असता.

---

वडसेकर | मंगळवार, रात्री ८:००

ताई, मी माझं म्हणणं थोडं बदलतो. तुमच्या गोष्टीत घडत नाही असं कुठं आहे? भरलेली खोली दर पानावर आहे. विकतील का, कधी विकतील, हा प्रश्न पहिल्या ओळीपासून टांगलेला आहे. बाज गोठ्यात नेली हा तर अंकाचा पडदा पडावा असा प्रसंग आहे. आमच्या मागच्या रांगेतला माणूससुद्धा हलणार नाही.

मला वाटतं पांदणभाऊंच्या साठ पानांत नेमकी ही खोली नव्हती. पोहण्याची भीती होती, पण नदी पार करायची वेळच आली नाही.

---

कवठीचाफा | मंगळवार, रात्री ८:४०

भाषेबद्दल एक. माझ्या कादंबरीत पुण्याला शिकून आलेला मुलगा आहे. स्वभाव सांगायला मी चार-चार ओळी वर्णन करत होते. मग ते काढून एवढंच ठेवलं की तो घरात "कशाला" म्हणतो आणि आई "कायले" म्हणते. आजा वारतो त्या रात्री त्याच्या तोंडून "कायले नेता त्याले?" निघतं. घरातलं कुणी त्यावर काही बोलत नाही. एवढ्यात माझं काम झालं, आणि घटनाही थांबली नाही.

---

पांदण | १९ दिवसांनी, रविवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे उपकार आहेत. जागल्याभाऊंचा प्रश्न घेऊन बसलो. एकतीस प्रकरणांतली नऊ टिकली. बैल वाचला, म्हणजे त्याला आता पान लागत नाही. मुलीचं लग्नही मोडत नाही. विषबाधा राहिली, गुरुजी म्हणाले तशी. "आज नको मालक" हे वाक्य मला त्या घरी जाऊन विचारावं लागलं. त्यांनी सांगितलं ते इथं लिहीत नाही.

काळ बदलला. कादंबरी २०१७ ला सुरू होते, पण मुख्य भाग आता २०२२-२३ चा, पाच वर्षांनंतरचा. शेवंताताई, तुमची परवानगी मागायची होती. कापूस घरात ठेवण्याचा भाग माझ्या कादंबरीत आला आहे.

---

शेवंता | सोमवार, सकाळी ६:५०

भाऊ, त्या वर्षी कापूस सगळ्यांच्याच घरात होता, त्याची परवानगी कसली. फक्त माझे मामाजी घेऊ नका. त्यांच्यावर मीच लिहीन.

---

पांदण | सोमवार, रात्री ९:१५

ताई, नाही घेणार. लिहा, आम्ही वाट पाहतो. माझ्या बापाचं कारण वेगळं आहे. सालदार गेल्यावर त्याच्या बायकोला बापानं पारावर सगळ्यांसमोर शब्द दिला आहे, तुझ्या पोरीचं लग्न माझ्या कापसावर होईल. त्यासाठी त्याला दहाचा भाव पाहिजे. आठमध्ये स्वतःचं घर चालतं, शब्द पाळला जात नाही.

पहिला परिच्छेद असा केलाय:

"खोलीचं दार कापसानं आतून ढकललं जायचं, म्हणून बापानं बाहेरून दोरी बांधली होती. रोज दिवेलागणीला तो दोरी सोडायचा, हातातला दिवा उंबऱ्यावर ठेवायचा, आणि पांढऱ्या ढिगाकडं पाहून हात जोडायचा. माय म्हणायची, देवाले जोडता का भावाले? बाप उत्तर देत नसे. दोरी पुन्हा बांधताना मात्र गाठ दोनदा ओढून पाहायचा."

एक ठिकाणी अडलोय. शेजारी रोज पारावर सांगतो की मीही ठेवलाय, दहा झाल्याशिवाय इकत नाही. बाप त्याच्या भरवशावर टिकून आहे. शेजाऱ्यानं मात्र रातोरात माल काढून दिला आहे. हे बापाला कळायला हवं. गावातलं कुणीतरी येऊन सांगतं असं लिहिलं, पण त्यात बापाचं काहीच नाही, तो नुसता ऐकतो. जागल्याभाऊंच्या प्रश्नावर ते प्रकरण पडतं.

---

तिफन | सोमवार, रात्री १०:०५

परिच्छेद मनाला भिडला, पण एक दुरुस्ती. कापसाच्या खोलीच्या उंबऱ्यावर दिवा कुणीही ठेवणार नाही. सरकी काढायच्या आधीचा सुटा कापूस, एक ठिणगी पडली की घर गेलं. आमच्या घरी कापूस भरला की देवाचा दिवासुद्धा मागच्या दारी जायचा, चुलीची राख भिजवून टाकायचे, आणि बिडी ओढायची तर घरच्या माणसाला रस्त्यावर जावं लागायचं. पाहुणा आला तरी त्याला ओसरीत काडी ओढू देत नसत.

---

पांदण | सोमवार, रात्री १०:२०

दिवा काढतो. तिफनभाऊ, माझा बाप बिडी ओढतो. म्हणजे तो सहा महिने रोज रात्री जेवण झालं की रस्त्यावर जाऊन उभा राहणार.

आणि एका रात्री तिथून त्याला शेजारी दिसेल, स्वतःच्या ओसरीत आरामात बसून बिडी ओढत असलेला.

वही घेतो.